आकडा वाढला, मुलं तीच: फेरो बेटांवरच्या ऑटिझमच्या मोजणीचं प्रकरण

२००२ साली फेरो बेटांवरच्या शाळकरी मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण मोजलं गेलं, तेव्हा ते ०.५६ टक्के निघालं. सात वर्षांनी, २००९ मध्ये, पुन्हा मोजलं तर ०.९४ टक्के. मथळा करायला एवढं पुरे आहे: सात वर्षांत ऑटिझम जवळजवळ पावणेदोन पट. मात्र दोन्ही वेळा मोजलेली मुलं एकाच गटातली होती, हे मथळ्यात येत नाही. १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत जन्मलेली मुलं. पहिल्या मोजणीत ती ८ ते १७ वर्षांची होती, दुसऱ्या मोजणीत १५ ते २४ वर्षांची. या गटात मधल्या काळात नवं मूल जन्माला येण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑटिझम विशीत लागण होणारा आजार नाही. ती मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी वाट आहे आणि तिच्या खुणा लहानपणीच असाव्या लागतात. निदानाच्या निकषांतच तसं म्हटलेलं आहे. म्हणजे २००९ मध्ये ज्यांची नोंद नव्याने झाली, त्यांना २००२ मध्येही ऑटिझम होताच. मग तेव्हा ती मुलं दिसली का नाहीत? ऑटिझम किती आहे, या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर शोधायला फेरोइतकी सोयीची जागा दुसरी मिळणं अवघड आहे.

जागा

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध, उत्तर अटलांटिकमध्ये अठरा बेटांचा हा पुंजका आहे. एकूण क्षेत्रफळ १,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास. डेन्मार्कच्या राजसत्तेखाली, पण १९४८ पासून स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा प्रदेश. पहिल्या मोजणीच्या वेळी लोकसंख्या साधारण ४७,००० होती, आता ती ५४,००० च्या घरात आहे. राजधानी टोर्शाव्न. उपजीविका मुख्यतः मासेमारीवर. बेटं एकमेकांना फेरी बोटींनी, पुलांनी आणि बोगद्यांनी जोडलेली. समुद्राखालून जाणारा पहिला बोगदा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला, म्हणजे पहिली मोजणी झाली त्याच वर्षी.

आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना या बेटांची ओढ जुनी आहे. १८४६ मध्ये इथे गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसं आजारी पडली. पीटर लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव हिंडून तारखा जुळवल्या. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे दोन आठवडे जातात, हे त्याने दाखवलं. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे या खेपेला वाचले, हेही त्याच्या लक्षात आलं. मोठ्या शहरात हे जमलं नसतं. छोट्या बेटावर कोण कधी आलं, कोणाला भेटलं, कोण आजारी पडलं, हे गावाला तोंडपाठ असतं.

ऑटिझमच्या मोजणीलाही याच गोष्टी उपयोगी पडल्या. जन्माची नोंद पक्की, शाळा मोजक्या, निदान करणारी मंडळी एका खोलीत मावतील एवढी. त्यामुळे नमुना काढून अंदाज बांधायची गरजच पडली नाही, त्या वयोगटातली सगळी मुलं मोजणीत घेता आली. ऑटिझमच्या आकडेवारीत हे दुर्मीळ आहे. अमेरिकेतला जो आकडा सारखा ऐकू येतो, २००० साली १५० मुलांत एक आणि २०२२ साली ३१ मुलांत एक, तो आठ वर्षांच्या मुलांच्या दवाखान्यातल्या आणि शाळेतल्या नोंदी चाळून काढलेला असतो. तिथे दर खेपेला मुलं वेगळी असतात, आणि मूल आधी कुठेतरी नोंदीत आलेलं असावं लागतं.

आधीचा समज

अलिप्त, आपापसात लग्नं होणाऱ्या वस्तीत ऑटिझम जास्त असेल, अशी शंका पहिल्या अभ्यासाच्या आधीपासून होती. फेरोच्या बाबतीत ती पटण्यासारखीही होती. इथली वस्ती मूठभर पूर्वजांपासून वाढली. पुरुषांकडचा वारसा बहुतांशी स्कँडिनेव्हियातला, स्त्रियांकडचा बहुतांशी ब्रिटिश बेटांवरचा. अशा वस्तीत एखादा दुर्मीळ जनुकदोष सुरुवातीच्या कोणा एकात असला तर तो पुढे सर्रास होतो. कार्निटिन हे चरबीपासून ऊर्जा मिळवायला लागणारं द्रव्य पेशीत घेता न येण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. जगात इतरत्र तो हजारो माणसांत एखाद्याला होतो, फेरोमध्ये साधारण तीनशेत एकाला आहे. त्यामुळे तिथे सरकारी पातळीवर लोकांची तपासणी करावी लागली.

दुसरी शंका पाऱ्याची. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पायलट व्हेलचं मांस खात आले आहेत आणि त्यात मिथाइलमर्क्युरी हे पाऱ्याचं विषारी संयुग भरपूर असतं. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारावर बाळांचा एक मोठा अभ्यास पाल वाइहे आणि फिलिप ग्रांजाँ यांनी सुरू केला. गर्भात असताना जास्त पारा मिळालेल्या मुलांची भाषा, अवधान आणि स्मरणशक्ती सातव्या वर्षी किंचित मागे असल्याचं त्यात दिसलं. हा अभ्यास जगभर गाजला, आणि २००८ मध्ये फेरोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी व्हेलचं मांस माणसांनी खाऊच नये असा सल्ला दिला. ही बाळं जन्मली ती वर्षं ऑटिझमच्या गटातच येतात.

म्हणजे आनुवंशिक कारण हाताशी, प्रदूषणाचं कारण हाताशी. आकडा फुगलेला निघाला असता तर त्याची कारणं आधीच तयार होती.

पहिली फेरी

आसा एलेफसेन आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे क्रिस्टोफर गिलबर्ग यांच्या गटाने २००२ ची मोजणी केली. निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. सुरुवात शिक्षकांपासून झाली. त्यांना आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या इतरांना आधी ऑटिझम म्हणजे काय ते शिकवलं गेलं, मग चाळणीची प्रश्नावली हाती दिली.

ही प्रश्नावली जरा जवळून पाहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडतं. तिच्यात २७ विधानं आहेत. प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडंफार' किंवा 'हो' अशी खूण करायची. गुण शून्य, एक किंवा दोन. जास्तीत जास्त बेरीज ५४. मूल वयाच्या मानाने मोठ्या माणसासारखं बोलतं का, वर्गातली मुलं त्याला विक्षिप्त प्रोफेसर समजतात का, एखाद्या विषयाची माहिती गोळा करत बसतं पण तिचा अर्थ त्याला फारसा कळत नाही असं आहे का, आवाजाची पट्टी वेगळी आहे का, जिवलग मित्र नाही असं आहे का, हालचाली बेंगरूळ आहेत का, अशा धर्तीची ती विधानं. पंधरावीस मुलांच्या वर्गातल्या बाईंना ही यादी भरायला एका मुलामागे काही मिनिटं लागतात.

आता समजा, वर्गात एक मुलगा आहे आणि त्याला फेरी बोटींची सगळी वेळापत्रकं पाठ आहेत. कोणत्या बेटावरून कुठली बोट किती वाजता सुटते, हे तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. मधल्या सुट्टीत एकटाच असतो. बाई यादी भरतात, बेरीज चढत जाते, मुलगा पुढच्या तपासणीला जातो. त्याच वर्गात एक मुलगी आहे. तिचा ध्यास घोड्यांचा. त्या वयाच्या पुष्कळ मुलींना घोडे आवडतात, तेव्हा बाईंना त्यात वावगं काही वाटत नाही. ही मुलगी झोपेपर्यंत घोड्यांखेरीज दुसरं काही बोलत नाही, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. मधल्या सुट्टीत ती मुलींच्या घोळक्यात असते, त्यांच्या हसण्याबरोबर हसते, बोलते फार थोडं. तिच्या ओळीत 'नाही' आणि 'थोडंफार' पडत जातं, बेरीज उंबरठ्याच्या खाली राहते आणि कागद गठ्ठ्यात जातो.

हे दोघे कल्पनेतले आहेत, पण गळती होते ती इथेच.

चाळणीत अडकलेल्या आणि इतर कारणाने शंका आलेल्या मुलांची मग सविस्तर तपासणी झाली. पालकांची मुलाखत ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या गटाने तयार केलेल्या पद्धतीने घेतली गेली. ही मुलाखत काही तास चालते आणि मूल तान्हं होतं तिथपासून विचारत येते. शेवटी ७,६८९ मुलांपैकी ४३ जणांना ऑटिझम असल्याचं ठरलं, म्हणजे १७९ मुलांत एक. बालपणातला ठळक ऑटिझम ०.१६ टक्के, अस्पर्गर सिंड्रोम ०.२६ टक्के, बाकीची सीमेवरची. (अस्पर्गर म्हणजे बोलणं आणि बुद्धी शाबूत असलेला प्रकार. हे वेगळं निदान तेव्हा चालू होतं. २०१३ पासून मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ते ऑटिझमच्या वर्णपटातच धरतात.) एका मुलीमागे मुलगे जवळजवळ सहा.

निष्कर्ष एका ओळीचा होता: फेरोमधलं प्रमाण इतर पाश्चात्त्य देशांसारखंच आहे. अलिप्त वस्तीची शंका फोल ठरली आणि पाऱ्याने ऑटिझमचा पूर आला असेल ही भीतीही. पाऱ्याने काहीच केलं नाही असा याचा अर्थ होत नाही. भाषा आणि अवधानावरचा परिणाम वेगळ्या मापाने मोजला होता आणि तो कायम आहे. एकूण ऑटिझमच्या आकड्यात मात्र तो दिसला नाही.

लहान संख्येची एक अडचण इथेच सांगून टाकतो. ४३ हा आकडा नशिबाने पाचदहाने इकडेतिकडे झाला असता. त्यामुळे ०.५६ ला दिलेली विश्वासमर्यादा, म्हणजे खरं प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या मधे असण्याचा दाट संभव असतो तो पल्ला, ०.४० ते ०.७४ अशी बरीच रुंद आहे. सात हजारांच्या गटात एक मूल वाढलं की टक्केवारी ०.०१४ ने हलते. एका मोठ्या शाळेतली सात मुलं सुटली तर दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडाच बदलतो.

दुसरी फेरी

२००९ मध्ये एवा कोचोवस्का आणि त्याच संशोधकांपैकी काहींनी हा गट पुन्हा गाठला. चाळणी आणि निदानाच्या पद्धती शक्यतो त्याच ठेवल्या. २०१२ मध्ये छापलेल्या निकालात ७,१२८ तरुणांपैकी ६७ जणांना ऑटिझम होता. म्हणजे १०६ मध्ये एक. याची विश्वासमर्यादा काढली तर ती साधारण ०.७३ ते १.१९ येते. पहिल्या फेरीच्या वरच्या टोकाला जेमतेम चिकटलेली. वाढ निव्वळ योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही.

तपशील पाहिला की चित्र उलगडतं. बालपणातल्या ठळक ऑटिझमचं प्रमाण होतं तिथेच राहिलं होतं. वाढलं होतं ते अस्पर्गरचं आणि सीमेवरच्या प्रकारांचं. आणि पहिल्या खेपेला निसटलेल्यांत मुलींचा भरणा मोठा होता. एका मुलीमागे जवळजवळ सहा मुलगे, हे गुणोत्तर दुसऱ्या फेरीत पार खाली आलं.

बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, एकच हालचाल तासन्‌तास करतो, असं मूल २००२ मध्येही कोणाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ते कुठल्याही काळात सुटत नाही. सुटतात ती नीट बोलणारी, परीक्षेत पास होणारी, वर्गात त्रास न देणारी मुलं. त्यातही मुली. शाळेच्या चौकटीत त्या कशाबशा बसतात. पुढे शाळा संपते, मैत्रिणी पांगतात, नोकरी किंवा पुढचं शिक्षण सुरू होतं, आणि रोजचा दिवस इतरांची नक्कल करून रेटणं अवघड होतं. मग चिंता, नैराश्य, जेवणाच्या तक्रारी अशा कुठल्यातरी दाराने त्या डॉक्टरांपुढे येतात. ही गोष्ट फेरोपुरती नाही, पण फेरोच्या आकड्यांत ती स्वच्छ दिसते.

प्रश्नावलीची ही उणीव तिच्या कर्त्यांच्याही ध्यानात आली होती. २०११ मध्ये स्वेनी कोप आणि गिलबर्ग यांनी तिची वाढीव आवृत्ती मांडली. जुन्या २७ विधानांत १८ नव्या विधानांची भर घातली आणि हेतू उघड होता: मुलींमधला ऑटिझम पकडणं. सांगितलेलं टाळत राहणं, प्रामुख्याने आपल्यापेक्षा लहान मुलांत खेळणं, अशा गोष्टी तिच्यात आल्या. फेरोच्या पहिल्या फेरीच्या वेळी हे हत्यार नव्हतं.

आक्षेप

या वाचनावर तीन आक्षेप घेता येतात. त्यातला एक मला खरोखर जड वाटतो.

सोपा आधी. गट तोच म्हटला तरी २००२ मध्ये ७,६८९ होते आणि २००९ मध्ये ७,१२८. साडेपाचशेहून अधिक कमी. फेरोचे तरुण शिक्षणासाठी डेन्मार्कला जातात आणि पुष्कळसे तिकडेच राहतात. ऑटिझम असलेला तरुण घर आणि गाव सोडून परदेशी जाण्याची शक्यता कमी, असं धरू. मग भाजक घटतो, भाज्य तेवढाच राहतो आणि टक्का आपोआप वाढतो. पण हिशेब करून पाहा. पहिल्या फेरीचे ४३ च्या ४३ बेटांवरच राहिले आणि गेले ते सगळे ऑटिझम नसलेले, असं टोकाचं गृहीत धरलं तरी ४३ भागिले ७,१२८ म्हणजे ०.६० टक्के. ०.५६ चे ०.६० झाले. ०.९४ पर्यंतचा बाकीचा रस्ता स्थलांतराने कापता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. फेरोचा आकडा वाढूनही मोठा नाही, तेव्हा यात विशेष ते काय? शेजारच्या आइसलँडवर १९९४ ते १९९८ मध्ये जन्मलेल्या मुलांत प्रमाण १.२ टक्के निघालं होतं. जगभरच्या अभ्यासांचा मध्यक २०२२ च्या एका आढाव्यात शंभरात एक असा आला. दक्षिण कोरियातल्या गोयांग शहरात २०११ मध्ये २.६४ टक्के आढळले, आणि त्यातली बहुसंख्य मुलं साध्या शाळांत, कुठल्याही मदतीशिवाय शिकत होती. याला माझं उत्तर असं की आकड्याची उंची हा या प्रकरणाचा विषयच नाही. उंचीची तुलना करायची तर वय, पद्धत, निकष, सगळंच वेगळं निघतं. फेरोचं मोल हे की तिथे माणसं जागेवर ठेवून फक्त मोजणीचा काळ बदलला.

जड आक्षेप तिसरा. 'तेव्हा निसटली होती' आणि 'तेव्हा बसत नव्हती, आता बसवली' यांत फरक कसा करायचा? सीमेवरच्या मुलाला २००२ मध्ये त्याच तज्ज्ञाने 'नाही' म्हटलं असेल आणि २००९ मध्ये 'हो'. निकष कागदावर तेच असले तरी त्यांमागची नजर सैल झालेली असू शकते. जगभरात या काळात ती झाली, याबद्दल वाद नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्समध्ये दहा हजारांत साडेचार मुलं मोजली होती. फेरोचा फक्त ठळक ऑटिझम घेतला तरी तो दहा हजारांत सोळा भरतो. व्याख्या रुंदावल्याशिवाय असं होत नाही.

फेरोच्या आकड्यांतून या दोन शक्यता पूर्णपणे वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं मत आहे. ठळक ऑटिझम जागचा हलला नाही, यावरून मधल्या भागाची मोजपट्टी स्थिर होती एवढं म्हणता येतं, कडेची स्थिर होती असं नाही. पण यातली कुठलीही शक्यता खरी मानली तरी बदल मोजणाऱ्यांच्या बाजूला होतो. १९९५ नंतरचं काही, मग ती लस असो, मोबाइलचा पडदा असो, खाणं असो, या वाढीचं कारण ठरू शकत नाही, कारण तोवर गटातलं शेवटचं मूलही जन्मून गेलेलं होतं. काही पालक हे ऐकून नाराज होतात. बाहेरचा दोषी सापडला असता तर निदान राग काढायला जागा मिळाली असती.

यावरून जगभरची सगळीच वाढ निव्वळ मोजणीची आहे असं सिद्ध होत नाही. पालकांचं वाढतं वय, मुदतीच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांचं जगणं, यांचा थोडाफार वाटा नंतरच्या पिढ्यांत असू शकतो. फेरोचा गट त्याबद्दल गप्प आहे, कारण त्यात नंतरची पिढीच नाही.

पुढे काय झालं

सगळी माणसं शोधून ठेवलेली असल्यामुळे पुढचे अभ्यास त्यांच्यावरच झाले. फेरो ६२ अंश उत्तरेला आहे, हिवाळ्यात ऊन नावालाच. कोचोवस्का यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या ४० तरुणांचं ड जीवनसत्त्व तपासलं आणि २०१४ मध्ये छापलं. त्यांची सरासरी २४.८ नॅनोमोल प्रतिलिटर, त्यांच्या भावंडांची ४२.६, आईवडिलांची ४४.९, बाहेरच्या समवयस्कांची ३७.६. फरक मोठा आहे, आणि एकाच घरातल्या, एकाच ताटावरच्या भावंडांशी तुलना केल्यामुळे तो सहज झटकता येत नाही.

तरी यावरून 'ड जीवनसत्त्वाच्या अभावाने ऑटिझम' अशी उडी मारणं चुकीचं. रक्त घेतलं तेव्हा ही माणसं १५ ते २४ वर्षांची होती. गर्भात असताना काय होतं, हे त्यातून कळत नाही. जन्माचा महिना आणि ऑटिझमची तीव्रता यांच्याशी पातळीचा संबंधही आढळला नाही. ऑटिझम असलेला तरुण घराबाहेर कमी पडतो, ठरावीक चार पदार्थ खातो, मासे पानात घेत नाही, हे कारण मला अधिक पटतं. कारण कुठलंही असो, इतकी कमी पातळी हाडांना वाईटच. तेव्हा तपासून औषध द्यावं, यासाठी ऑटिझमचं कोडं सुटायची वाट पाहायला नको.

दुसरा अभ्यास जनुकांचा, २०१९ चा. त्यात ऑटिझम असलेले ३६ जण, त्यांचे १३६ नातेवाईक आणि तुलनेसाठी १८५ जण होते. ऑटिझम असलेल्यांत जवळच्या नात्यातून आलेल्या वारशाच्या खुणा जास्त होत्या, आणि आई-वडील दोघांकडून सारखाच आलेला घातक बदलही जास्त. म्हणजे सुरुवातीची शंका अगदीच निराधार नव्हती. पण मग एकूण प्रमाण इतरांसारखंच कसं? कार्निटिनच्या आजाराशी ताडून पाहिलं की उत्तर मिळतं. तो एका जनुकाचा आजार आहे. वस्ती वसवणाऱ्यांत तो होता, म्हणून वाढला. ऑटिझममागे शेकडो जनुकं आहेत. काही बदल सर्रास आढळणारे आणि एकेकटे किरकोळ, काही दुर्मीळ पण जोरकस, काही तर आईवडिलांत नसलेले, मुलातच नव्याने उपजलेले. फेरोच्या याच अभ्यासात असे नव्याने उपजलेले बदलही सापडले. पूर्वजांच्या शिदोरीतून त्यातला थोडाच भाग येतो, त्यामुळे बेटावरचा एकूण आकडा उसळी मारत नाही. कोणत्या घरात कोणतं कारण, याची वाटणी तेवढी बदलते.

आता हा आकडा घेऊन ऑटिझम असलेल्यांच्या सोयींचं नियोजन करणाऱ्याकडे वळू. त्याच्या हिशेबात सर्वांत अवघड भाग प्रौढांचा आहे. ०.९४ टक्के हे प्रमाण आजच्या ५४,००० लोकसंख्येला लावलं तर पाचशेच्या आसपास माणसं होतात. दुसऱ्या फेरीत सापडलेली ६७ जणं त्या पाचशेचा सातवा-आठवा हिस्सा. पहिल्या फेरीतली सर्वांत मोठी मुलं १९८५ ची. १९८४ किंवा त्याआधी जन्मलेलं कोणीही दोन्ही मोजण्यांत नव्हतं, आणि त्यांच्या शाळेत ती २७ विधानांची यादी घेऊन कुठल्या बाई बसल्या नव्हत्या. ही माणसं आता चाळिशीच्या पुढे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे आईवडील सत्तरी-ऐंशीत आहेत किंवा नाहीत, आणि निदानासाठी लागणारी ती काही तासांची, तान्हेपणापासूनची मुलाखत द्यायला घरात कोणी उरलं आहे का, हे आधी पाहावं लागेल.